आठवी ड चे त्रेचाळीस प्रमुख

कुणा मास्तरांचा पाय मोडला, कुणी बाई बाळंतपणाला गेल्या, कुणाला कावीळ झाली, की बदलीबाईंचा फोन वाजायचा. दुसऱ्याच्या दुखण्यावर पोट भरणारी माणसं जगात दोनच, असं त्यांच्या सासूबाई म्हणत. एक डॉक्टर आणि दुसरी आमची सून.

एकोणीस वर्षं हे चाललेलं. अकरा शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत गेल्या गेल्या बाई तीन गोष्टी हेरून ठेवायच्या: पिण्याचं पाणी कुठं, टेबलामागची खुर्ची कोणत्या पायानं लंगडते, आणि स्टाफरूममध्ये साखरेचे चमचे कोण मोजतं. पोरांची नावं मात्र विचारायच्या नाहीत. चार दिवसांच्या पाहुणीनं घरातल्या मांजरांची नावं विचारून करायचंय काय? दिसतं त्यावरून हाक मारायची, काम झालं की पिशवी उचलायची.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. बस डेपोच्या मागच्या शाळेतून बोलावणं आलं. आठवी ड च्या वर्गशिक्षकांनी एका दुपारी हातातला खडू टेबलावर ठेवला, छत्री घेतली आणि ते घरी गेले. राजीनामा मागाहून पोस्टानं आला. म्हणजे जागा रिकामी झाली, आणि ती कायमची.

"दहा आठवडे सांभाळा," हेडसर म्हणाले. "मग मी एक तास वर्गात येऊन बसेन. पटलं तर जागा तुमची."

हेडसर म्हणजे उंच, वाळलेला माणूस. बोलताना समोरच्याकडे कमी आणि मनगटावरच्या घड्याळाकडे जास्त बघणार. घरात आग लागली तरी आधी किती वाजता लागली ते लिहून ठेवतील, असा त्यांचा लौकिक.

"आणि तुमचं वय?" त्यांनी विचारलं.

"सत्तेचाळीस."

"अठ्ठेचाळीस कधी पूर्ण?"

"पावणेतीन महिन्यांनी."

हेडसरांनी हे घड्याळात बघितल्यासारखं केलं. अठ्ठेचाळीस पूर्ण झाले की कायमची नेमणूक बंद, हा नियम दोघांनाही पाठ होता. म्हणजे हा शेवटचा डाव. हा गेला की पुढं आयुष्यभर दुसऱ्याच्या काविळीची वाट बघायची.

स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाईंनी त्यांच्यासाठी जरा सरकून जागा केली. आजारी माणसाला करतात तशी. "तुमच्याआधी पाच बदली आले. एक तर मधल्या सुट्टीतच पळाला. डबासुद्धा राहिला इथं."

"डबा कुठाय मग?"

"इतिहासाच्या सरांनी खाल्ला. चांगला होता."

पहिला दिवस. आठवी ड मध्ये बावीस बाक, त्रेचाळीस पोरं. बाई आत गेल्या तर वर्ग इतका गप्प, की बाईंना तिथंच शंका यायला हवी होती. एकोणीस वर्षांत शहाणपण येतं, पण ते नेमकं लागतं तेव्हा पिशवीच्या तळाशी असतं. बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली, वळल्या. सगळे शहाण्यासारखे बसलेले. क्षेत्रफळाचं सूत्र लिहिलं, वळल्या. तसेच. आकृती काढली, वळल्या, तेव्हा पहिला बाक जरा जवळ वाटला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या. तास संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा टेबलाची कड बाईंच्या पोटाला लागलेली, पाठ फळ्याला टेकलेली, आणि क्षेत्रफळाचं अख्खं सूत्र त्यांच्या पदरावर उमटलेलं. प्रत्येक वेळी बाई वळल्या की बावीसच्या बावीस बाक टेबलाला रेटत वीतभर पुढं येत होते. आवाज नाही, हसू नाही, काही नाही.

घंटा झाली. पोरं ओळीनं बाहेर गेली. जाताना एकानं "येतो बाई" असंही म्हटलं. बाईंना टेबलाखालून रांगत बाहेर यावं लागलं.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. सांगताना आवाज जरा ओला झाला होता.

सासूबाई देठ खुडता खुडता थांबल्या. "बावीस बाक? आणि आवाज नाही?"

"जरासुद्धा नाही."

"आपल्या घरात दोन माणसं एक पलंग हलवतात तर तीन भांडणं होतात. कोण आहे गं तो, त्या पोरांना सांगणारा? त्याला एकदा आणतेस का आपलं कपाट सरकवायला?"

बाई ओल्याच्या कोरड्या झाल्या. म्हातारी बोलत होती ते खरं होतं. अकरा शाळांत इतकी शिस्त त्यांनी बघितली नव्हती. फक्त ती शिस्त भलत्या बाजूला तोंड करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्या फळ्याकडे वळल्याच नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "कालचं काम चांगलं होतं. पण डावी रांग जरा पुढं आली होती."

मग मागून, रुंद खांद्यांच्या एका पोरानं, न राहवून तोंड उघडलं. "ती डावी रांग ऐकतच नाही बाई. किती वेळा सांगितलं मी."

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सापडलो.

"ये मुकादम," बाई म्हणाल्या. "आजपासून तू बाक-प्रमुख. रोज सकाळी रांगा सुतात पाहिजेत. माझ्या टेबलापासून दोन हात लांब. डाव्या रांगेचं तू बघून घे."

मुकादम घटकाभर डोकं खाजवत उभा राहिला. त्याला शिक्षेची सवय होती. हे काय आहे, ते त्याला कळेना. पण मधल्या सुट्टीनंतर बाई आल्या तर रांगा अशा सरळ, की दोरी लावून बघावं.

आता इथंच थांबलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण पोरांच्या जातीला एक गोष्ट सोसत नाही: दुसऱ्याला मिळालं आणि आपल्याला नाही. "त्यालाच का प्रमुख?" दोन वेण्यांची एक काटकुळी पोरगी उठली. ती कुठल्याही वाक्याला "पण बाई" असं उत्तर द्यायची, म्हणून बाई तिला वकिलीण म्हणायच्या. तिला दार दिलं. नियम तिनंच केला: घंटेनंतर येणाऱ्यानं पाच मिनिटं बाहेर थांबायचं. कारण असेल तर हेडसरांची चिठ्ठी आणायची. मग खिडकीसाठी एक उठली. पंख्यासाठी एक उठला. फळा, खडू, पाण्याची बाटली. वर्गातला सगळ्यात मोठा आवाज असलेल्या भोंग्याला बाईंनी मुद्दाम शांतता-प्रमुख केलं. पहिले चार दिवस तो "शांतता" असं ओरडायचा तेव्हा शेजारची आठवी क सुद्धा गप्प व्हायची. नंतर बोट वर करून भागू लागलं.

एका कंपाउंडरच्या पोरीकडे खोकला दिला. वर्गात कुणाचा खोकला खरा आणि कुणाचा खोटा, ते तिनं ठरवायचं. ती जवळ जाऊन कान लावायची आणि निकाल द्यायची, "हा घशातला नाही बाई. हा गणितातला आहे."

तिसऱ्या आठवड्याअखेर बेचाळीस प्रमुख झाले. उरली एकच पोरगी. ती एका मधल्या सुट्टीत लेखी अर्ज घेऊन आली. सकाळपासून मला सतरा जणांनी सरळ बसायला सांगितलं, माझी वही चौघांनी तपासली, आणि पाणी प्यायला तिघांची परवानगी लागली, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी अर्ज दोनदा वाचला. बेचाळीस अंमलदार आणि रयत एकच, अशा राज्यात रयतेचं काय होणार?

"तू तक्रार-प्रमुख," बाई म्हणाल्या. "दोघं भांडले की दोघांचं ऐकून घ्यायचं."

"मग आता रयत कोण, बाई?"

"मी आहे की."

स्टाफरूममध्ये हसून हसून लोकांची पोटं दुखली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. इतिहासाचे सर म्हणाले, "आम्ही वर्गाला शिकवतो. या वर्गाला अर्ज करतात." बाई चहा ढवळत राहिल्या. चाव्या चोराकडे असल्या की चोरी तरी होत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

पाचव्या आठवड्यात बस वाटेत बंद पडली. बाई धापा टाकत वर्गाशी आल्या तर दार लावलेलं आणि फटीत वकिलीण.

"बाई, घंटा होऊन चार मिनिटं झाली."

"बस बंद पडली गं."

"पण बाई, चिठ्ठी?"

बाईंच्या मनात आलं, हिची एक वेणी ओढावी. आत बेचाळीस डोकी माना वळवून बघत होती, आता ही काय करते म्हणून. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि व्हरांड्यात पाच मिनिटं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नंतर आत गेल्या, आणि त्या दिवशी गृहपाठ त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांचा आला. आठवी ड च्या इतिहासात तशी नोंद नव्हती.

असं करत दहावा आठवडा उजाडला. हेडसर बुधवारी पहिल्या तासाला येणार होते. बाईंनी आदल्या दिवशी पोरांना तेवढंच सांगितलं, जास्त काही पढवलं नाही. पढवलेलं पोर आणि पाहुण्यांसमोर घातलेला नवा बूट, दोन्ही नको तिथं चावतात.

बुधवारी घंटा झाली. हेडसर नाहीत. उभ्या हयातीत उशीर न झालेला माणूस. पण त्या सकाळी नेमका एका पोराचा बाप ऑफिसात येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. बाईंनी हजेरी घेतली, फळ्यावर आकृती काढली. तेवढ्यात दार वाजलं.

वकिलिणीनं दार वीतभर उघडलं. बाहेर हेडसर, काखेत फाइल.

"सर, घंटा होऊन तीन मिनिटं झाली."

"मला माहीत आहे."

"मग पाच मिनिटं थांबावं लागेल. नाहीतर चिठ्ठी लागेल."

"चिठ्ठी? कुणाची चिठ्ठी?"

"हेडसरांची."

हेडसरांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. भोंग्यानं बोट वर केलेलं होतं, म्हणून कुणी हसलं नाही. वकिलिणीनं मान वळवून बाईंकडे बघितलं.

त्या नजरेत काय होतं ते बाईंना बरोबर कळलं. इकडे आड, तिकडे विहीर. "अगं, सरांना येऊ दे" असं म्हटलं, की जागा राहील. पण उद्यापासून दार हे नुसतं लाकूड होणार, आणि दाराच्या मागोमाग बेचाळीस कारभार कोसळणार. सरांना उभं ठेवलं तर वर्ग राहील आणि जागा जाईल. आणि जागा गेली तर तो वर्ग राहून तरी काय उपयोग? अठ्ठेचाळीस पूर्ण व्हायला पंधरा दिवस उरले होते. खडू बाईंच्या बोटांत मोडला. खडू-प्रमुखानं दोन्ही तुकडे उचलून वहीत नोंद केली.

बाईंनी हात झटकले आणि त्या चालत दाराबाहेर गेल्या. हेडसरांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मीही थांबते, सर."

"घंटेनंतर बाहेर गेलेल्याला पण तोच नियम आहे, बाई," वकिलीण म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

व्हरांड्यात दोघं भिंतीला टेकून. समोरून शिपाई पाण्याची कळशी घेऊन आला, दोघांना बघून जिन्यातून परत फिरला.

"आत कोण आहे?" हेडसरांनी विचारलं.

"कोणी नाही. फळ्यावरचं गणित सोडवतायत."

हेडसरांनी कान दिला. आतून खडूचा आवाज येत होता आणि पानं उलटल्याचा. मिनिट गेलं. दोन गेली. हेडसरांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि तिथं विचार येऊन बसला. विचार रागापेक्षा वाईट, हे बाईंना लवकरच कळलं.

"बाई, खरं सांगू का?" ते म्हणाले. "तुमच्याशिवाय वर्ग असा बसत असेल, तर मग माणूस नेमायचा कशाला? शिपाई बसवला तरी चालेल."

बाईंच्या पायाखालची फरशी सरकली. दहा आठवडे घासून घासून भांडं लख्ख केलं, आणि घरधनी म्हणतो, आता घासणारी नको. खोटं बोलता येईना आणि खरं बोललं तर ते अंगावर येणार.

आणि तेवढ्यात आत काहीतरी आपटलं. "मी आधी लावला होता पंखा." "खिडकी उघडी असताना पंखा नाही, नियम आहे." "सगळे कागद उडाले माझे." "मग कागद-प्रमुखाला सांग." बघता बघता गलका छताला लागला. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना पोरांचा गोंगाट कानाला गोड लागला.

"जा, आत जा," हेडसर म्हणाले.

बाईंनी दाराला हात लावला. आतून वकिलिणीचा आवाज आला, भांडणाच्या वरून. "अजून एक मिनिट चाळीस सेकंद, बाई."

हेडसरांनी मनगट वर केलं. "पन्नास," ते म्हणाले. "तिचं घड्याळ दहा सेकंद पुढं आहे."

बाईंनी हात मागं घेतला.

"आणि तोवर कुणाचं डोकं फुटलं तर?" हेडसरांनी विचारलं.

"फुटायचं असतं तर आतापर्यंत फुटलं असतं, सर. ती तक्रारवाली उठली बघा. ऐका. आता दोघांचं लिहून घेईल."

"आणि तिच्यानं नाही मिटलं तर?"

"तर पावणेदोन मिनिटांनी मी आहे की. ते त्यांना माहीत आहे, म्हणून तर लिहून घेतायत." बाईंना आता शब्द सापडत होते. "मी नाहीच येणार असं कळलं तर आठ दिवस मिटवतील. नवव्या दिवशी पंखाही जाईल आणि खिडकीही. शिपाईमामांना विचारा, आधीच्या सरांच्या वेळी किती काचा फुटल्या."

पुढचा वेळ हेडसरांनी घड्याळाकडे बघण्यात काढला आणि बाईंनी त्यांच्याकडे.

दार उघडलं. आत पंखा-प्रमुख आणि खिडकी-प्रमुख कोंबड्यांसारखे समोरासमोर, आणि मध्ये तक्रार-प्रमुख वही घेऊन. "बाई, दोघांचं लिहिलंय. दोघांचंही खरं आहे. मला पुढं येत नाही."

"पुढचं माझं," बाई म्हणाल्या. "आज तू पंखा सांभाळ, तो खिडकी सांभाळेल."

"पण त्याला खिडकीची कडी लागत नाही बाई," खिडकीवाली म्हणाली.

"मग शिकव. आणि तू तिला पंख्याचं बटण दाखव. हळू फिरव म्हणावं, अडकतं ते. चला, तिसरं गणित कुठवर आलं?"

दोघं एकमेकांकडे खाऊ का गिळू करत बघत जागेवर गेले. मुकादमानं हेडसरांना शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं, आणि त्यांचे लांब पाय मधल्या वाटेत आले तेव्हा ते आत घ्यायला सांगितलं. हेडसरांनी घेतले. तासभर ते बसले. जाताना "बघू" एवढंच म्हणाले.

त्या "बघू"वर चार दिवस गेले. हेडसरांना व्हरांड्यात उभं केलं ही बातमी दुपारपर्यंत अख्ख्या शाळेत पसरली होती. भूगोलाच्या बाईंनी पुन्हा सरकून जागा दिली, या वेळी जरा जास्तच. "एवढं दार उघडायचं, त्यात काय होतं?" त्या म्हणाल्या. बाईंकडे उत्तर होतं, पण चहा गार होत होता.

पाचव्या दिवशी शिपाई बोलवायला आला. हेडसर कागद पुढं सरकवत म्हणाले, "इथं सही करा. कायम. तुमच्या वयाचे दहा दिवस उरलेत, उगाच लांबवू नका."

बाईंनी सही केली. "आणि आठवी ड, सर?"

"तुमच्याकडेच. दुसरं कोण घेतंय ती?" मग त्यांनी फाइल बंद केली. "आणि बुधवारचं ते स्टाफरूममध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार, सर," बाई म्हणाल्या. बोलायचं उरलंच काय होतं?

घरी सगळे असताना त्यांनी सांगितलं. नवरा सायकलची साखळी पुसत बसला होता. त्याचा हात थांबला. "कायम म्हणजे कधीपर्यंत?"

"साठीपर्यंत."

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे आणखी बारा वर्षं. त्याच पोरांबरोबर?"

"पोरं पुढं जातात हो. मी राहणार तिथं."

सासूबाईंनी सगळं ऐकलं. आनंद झाला की नाही ते त्यांच्या तोंडावरून कधीच कळायचं नाही. "म्हणजे आता दोन बदल्यांच्या मधले रिकामे दिवससुद्धा घरी नाहीस तू," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं." म्हातारीनं उठून गॅसवर चहाचं आधण ठेवलं, स्वतः, न सांगता. "मग आज बस जरा. उद्यापासून जायचंच आहे."